आवाजाची वीज आणि निगेचा हिशेब

उन्हापासून वीज, वाऱ्यापासून वीज, शेणापासून जळाऊ वायू, असे एकामागून एक ऐकत आलेल्या वाचकाला आवाजापासूनही वीज मिळते असे कोणी सांगितले, तर त्याला आता फारसे आश्चर्य वाटणार नाही. जगातील अनेक प्रयोगशाळांतून या विषयावर काम चालू आहे. रस्त्यावरचा, कारखान्यातला, रेल्वेचा गोंगाट वाया जातो. तो गोळा करावा आणि त्यावर लहान लहान बिनतारी संवेदक, म्हणजे रोजच्या बोलीत ज्यांना सेन्सर म्हणतात ती यंत्रे, चालवावीत, अशी ही कल्पना आहे. संवेदकाने तापमान, जमिनीतील ओल, विहिरीतील पाण्याची पातळी किंवा पडलेला पाऊस मोजावा, ते माप बिनतारी संदेशाने दूरच्या कचेरीत पाठवावे, आणि त्यासाठी त्याला ना तार लागावी, ना बॅटरी. कल्पना मोहक आहे आणि शास्त्राच्या दृष्टीने खोटीही नाही. तथापि जे शास्त्रात शक्य आहे ते व्यवहारात परवडेलच असे नाही. म्हणून जेथे अशा यंत्रांची खरी गरज आहे, अशा एखाद्या ठिकाणी उभे राहून तिची परीक्षा केली पाहिजे. बीड जिल्ह्यातील शिरूर कासार हे त्या परीक्षेसाठी योग्य ठिकाण होय.

मापावर अवलंबून असलेला तालुका

सिंदफणा नदीच्या काठी वसलेल्या या गावाचे आणि त्याच्या तालुक्याचे जीवन पावसाच्या लहरीवर चालते. पाऊस पुरेसा झाला नाही की रब्बीची आशा सुटते आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास माणसे घरांना कुलपे लावून ऊसतोडीला जातात. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत शिरूर कासारही होते. याच्या उलट २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यावर असा पाऊस कोसळला की गोदावरी, मांजरा आणि सिंदफणा या नद्यांच्या पुरात उभी पिके आणि पिकांखालची मातीही वाहून गेली. याच जिल्ह्यात २०१५ मध्ये पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावे लागले होते. पावसाने पाठ फिरविली की येथे शेताबरोबर वीजघरही थांबते.

अशा प्रदेशात पाऊस ही जशी निसर्गाची, तशीच कागदपत्राची गोष्ट असते. एका महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला, तर ती अतिवृष्टी ठरते आणि मदतीचा मार्ग मोकळा होतो. नोंद ६० मिलिमीटरची असेल, तर शेतकऱ्याच्या बांधावर कितीही पाणी उभे असले तरी त्याला दाद मागताना अडचण येते. केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पावसाबरोबरच पिकांची स्थिती, जमिनीतील ओलावा आणि भूजल यांनाही निकषांत स्थान दिले. म्हणजे हवामानाचे माप हा आता शेतकऱ्याच्या हक्काचा पुरावा झाला आहे. पुराव्याचे यंत्र नेमक्या त्या रात्री बंद असेल, तर नुकसान यंत्राचे होत नाही. ज्याचे शेत बुडाले त्याचे होते.

महाराष्ट्रात 'महावेध' प्रकल्पातून २०१७ पासून मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. त्यांची संख्या दोन हजारांच्या वर आहे. परंतु एका मंडळात अनेक गावे असतात आणि मराठवाड्यातील पाऊस शिवेचा बांधसुद्धा पाळतो, हे शेतकऱ्यांना सांगावे लागत नाही. केंद्र सरकारने २०२३ मध्ये 'विंड्स' या नावाने ग्रामपंचायतीपर्यंत पर्जन्यमापकांचे जाळे नेण्याचा कार्यक्रम पुढे आणला, तो याच उणिवेमुळे. मापाची यंत्रे गावोगाव जाणार हे उघड आहे. त्यांना ऊर्जा कोठून मिळेल आणि त्यांची काळजी कोण घेईल, असे दोन प्रश्न त्यामुळे उभे राहतात. आवाजाच्या विजेचा विचार या दोन प्रश्नांच्या उजेडात करावयास हवा.

शास्त्र जुनेच आहे

आवाज म्हणजे हवेच्या दाबात होणारी चढउतार. हा दाब एखाद्या पातळ पडद्याला हलवू शकला आणि त्या हालचालीचे विजेत रूपांतर झाले, की आवाजाची वीज झाली. हे रूपांतर करण्याचा एक मार्ग चुंबक आणि तारेचे वेटोळे हा आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या सुरुवातीच्या टेलिफोनमध्ये, १८७७ च्या सुमारास, बोलण्याच्या बाजूला बॅटरी नव्हतीच. बोलणाऱ्याच्या आवाजानेच तारेत प्रवाह उत्पन्न होई आणि तोच दुसऱ्या टोकाला ऐकू येई. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी युद्धनौकांवर अशा निव्वळ आवाजावर चालणाऱ्या टेलिफोनचा उपयोग झाला. जहाजातील वीज गेली तरी संदेश चालू राहावा, हा त्यामागचा हेतू.

दुसरा मार्ग दाबविद्युतेचा. क्वार्ट्झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठभागावर विद्युत्भार प्रकट होतो, हे जाक आणि पिएर क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले. स्वयंपाकघरात गॅस पेटविण्यासाठी जो खटका दाबायचा लायटर असतो, त्यातील ठिणगी याच तत्त्वावर पडते. आवाजाचा दाब मात्र अंगठ्याच्या दाबापेक्षा फारच दुबळा. म्हणून तो वाढविण्यासाठी अनुनादाची मदत घेतात. नळाखाली घागर भरत असताना तिचा आवाज हळूहळू चढत जातो आणि न पाहताही घरातील बाईला घागर भरत आल्याचे कळते. घागरीतील हवेची पोकळी ठरावीक सुराला प्रतिसाद देते आणि पोकळी लहान होत गेली की सूर चढतो. शास्त्रज्ञ अशीच मोजून-मापून केलेली पोकळी आवाजासमोर ठेवतात आणि तिच्या तळाशी दाबविद्युत चकती बसवितात. पोकळीचा सूर आणि बाहेरचा सूर जुळला की चकती जोराने कंप पावते. न जुळला तर ती जवळजवळ स्वस्थ बसते. आसमंतातला आवाज मात्र एका सुराचा क्वचितच असतो, ही या पद्धतीची पहिली अडचण.

दोन गुंठ्यांचा पडदा

दुसरी अडचण मोठी आहे आणि ती साध्या गणिताची आहे. काटकसरीने बनविलेला संवेदक बहुतेक वेळ झोपलेला असतो. तो तासातून एकदा जागा होतो, माप घेतो, निरोप पाठवितो आणि पुन्हा झोपतो. एका निरोपाला समजा ०.०५ जूल ऊर्जा लागली, तर झोपेतील किरकोळ खर्च धरून त्याची सरासरी गरज सुमारे २० मायक्रोवॅट, म्हणजे एका वॅटचे ५० हजार भाग केल्यास त्यांतील एका भागाइतकी होईल. घरातील ९ वॅटच्या एलईडी दिव्याला जेवढी वीज लागते, तेवढीत असे साडेचार लाख संवेदक चालतील. गरज इतकी अल्प असल्यामुळेच आवाजासारख्या क्षीण स्रोताकडे लक्ष गेले.

परंतु स्रोत गरजेहूनही क्षीण आहे. १०० डेसिबलचा आवाज म्हणजे कानठळ्या बसविणाऱ्या यंत्राशेजारचा आवाज. त्यात एका चौरस सेंटिमीटरवर येणारी शक्ती अवघी १ मायक्रोवॅट असते. तिचा दहावा हिस्सा विजेत उतरला असे उदारपणे मानले, तर आपल्या संवेदकाला सुमारे १४ सेंटिमीटर लांबीरुंदीचा पडदा पुरेल. हे जमण्यासारखे आहे. पण डेसिबलची मोजणी अशी की १० डेसिबल उतरले की शक्ती दहापटींनी घटते. ८० डेसिबलला तोच पडदा २ चौरस मीटरचा, म्हणजे घराच्या दाराएवढा करावा लागतो. दोन माणसांच्या साध्या बोलण्याची पातळी ६० डेसिबलच्या आसपास असते. तेथे २०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दोन गुंठ्यांचा पडदा लागेल. शिरूर कासारच्या शिवारातील दुपार तर याहून शांत असते. बोटभर यंत्रासाठी दोन गुंठे जमीन गुंतविण्याचा सल्ला कोणताही शहाणा शेतकरी मानणार नाही.

रेल्वेचे उदाहरण घेता येईल. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड शहरापर्यंत रेल्वे आली आणि शिरूर कासार तालुक्यातील रायमोहा परिसरानेही गाडीचा आवाज ऐकला. रुळांजवळ ९० डेसिबलचा आवाज मिनिटभर टिकला असे धरले, तरी एका चौरस मीटरवर त्या मिनिटात ०.०६ जूल ऊर्जा येईल आणि विजेत उतरेल ती तिचा दहावा भाग. म्हणजे एक निरोप पाठविण्यासाठी चौरस मीटरचा पडदा उभारून आठ-नऊ गाड्यांची वाट पाहावी लागेल.

आता याच्या शेजारी ऊन ठेवून पाहावे. भर उन्हात एका चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट शक्ती येते; म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर १ लाख मायक्रोवॅट. कानठळ्या बसविणाऱ्या आवाजाच्या तुलनेत हे एक लाख पटींनी अधिक झाले. नखाएवढी सौरपट्टी आणि रात्रीपुरता साठा करणारे धारित्र, एवढ्यावर आपला संवेदक चालतो. पावसाळ्यातील आठवडाभराच्या झाकोळासाठी पट्टी आगपेटीएवढी केली की झाले. मराठवाड्याला निसर्गाने पाणी मोजून दिले, ऊन मात्र मोकळ्या हाताने दिले. उघड्या शिवारात आवाजाच्या विजेचा आग्रह धरणे म्हणजे विहीर भरलेली असताना दव गोळा करीत बसण्यासारखे आहे.

महाग काय आहे?

बॅटरीचाही हिशेब मांडला पाहिजे, कारण आवाजाच्या विजेची खरी स्पर्धा तिच्याशीच आहे. बाजारात मिळणाऱ्या दोन पेन्सिल सेलमध्ये मिळून सुमारे २५ हजार जूल ऊर्जा असते. तासाला एक निरोप पाठविणाऱ्या यंत्राला ती कागदावर ३९ वर्षे पुरेल. अर्थात सेल स्वतःच इतका टिकत नाही. तो उष्णतेने झिजतो, गळतो, गंजतो. तरी काही वर्षे तो काम देतो. निरोप तासाऐवजी मिनिटाला पाठवायचा असेल, तर मात्र तेच दोन सेल जेमतेम वर्षभर पुरतील. तेव्हा ऊर्जा ही अडचण नाही आणि सेलची किंमतही अडचण नाही. सेल बदलायला जाणारा माणूस ही खरी खर्चाची बाब आहे.

राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. प्रत्येक ठिकाणी एक यंत्र बसविले आणि वर्षातून दोनदा माणूस पाठविला, तर ५६ हजार फेऱ्या होतात. एका फेरीला प्रवास आणि मजुरी धरून ५०० रुपये लागतात असे मानले, तर वर्षाचा खर्च २ कोटी ८० लाख रुपये. राज्याच्या अंदाजपत्रकात ही रक्कम मोठी नाही. पण ती दरवर्षी, न चुकता करावी लागते आणि तिचा कोठे फलक लागत नाही. यंत्र बसविण्याच्या दिवशी उद्घाटन होते, छायाचित्र निघते. पाचव्या वर्षी नरसाळ्यातील पालापाचोळा काढण्याच्या दिवशी कोणी येत नाही. आपल्याकडील सार्वजनिक मालमत्तेचा इतिहास बहुतांशी याच दुर्लक्षाचा इतिहास आहे. हातपंप, अंगणवाडीचे वजनकाटे, शाळेतील संगणक, सगळ्यांची कथा सारखीच. भांडवली खर्चाला मंजुरी सुलभ आणि देखभालीच्या खर्चाला टाचणीसुद्धा मिळत नाही.

'बॅटरीविना चालणारे यंत्र' या कल्पनेचे खरे आकर्षण येथे आहे. ऊर्जा फुकट मिळते म्हणून ती मोलाची नाही, माणसाची एक फेरी वाचते म्हणून मोलाची. पण ज्या यंत्राला सेल नको त्यालाही धूळ चढते, मुंग्या लागतात, त्याचे माप कालांतराने चुकू लागते. उरलेली फेरी कोणी करायची, हा प्रश्न आवाजाने सुटत नाही आणि उन्हानेही सुटत नाही.

आवाजाचे खरे स्थान

मग आवाजाच्या विजेला व्यवहारात जागाच नाही काय? आहे, परंतु जेथे प्रकाश पोहोचत नाही आणि आवाज मोठा, अखंड व एकसुरी असतो तेथे. यंत्रांच्या बंदिस्त वाहिन्या, बोगदे, इंजिनांची पोटे ही ती ठिकाणे. साखर कारखान्याचे गिरणघर किंवा जिनिंगची शेड येथेही एखादा संवेदक अशा रीतीने चालविता येईल. मात्र अशा ठिकाणी आणखी एक हिशेब विसरता कामा नये. आपल्याकडील कारखान्यांच्या नियमांनी आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबलची मर्यादा घातली आहे. संवेदकाला सुखाने पोसणारा १०० डेसिबलचा आवाज शेजारी उभ्या असलेल्या कामगाराचे कान खाऊन टाकतो. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य खर्च म्हणतात, तो असा असतो: उत्पादनाचा लाभ एकाला आणि बहिरेपण दुसऱ्याला. ज्या कारखान्यात आवाजावर वीज भरपूर मिळते, तेथे वीज गोळा करण्याआधी आवाज कमी करणे हे मालकाचे पहिले कर्तव्य ठरते. गोंगाटाला इंधनाची प्रतिष्ठा देऊन त्याची लाज घालविणे योग्य होणार नाही.

दुसरे स्थान पाण्याखालचे. बिनतारी संदेशाच्या रेडिओलहरी पाण्यात लवकर विरतात, प्रकाशही फार खोल जात नाही. आवाज मात्र पाण्यात हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने आणि दूरवर जातो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील संशोधकांनी २०२२ मध्ये बॅटरीविना चालणारा पाण्याखालचा कॅमेरा दाखविला. तो आवाजापासून ऊर्जा घेतो आणि आपला निरोपही आवाजाच्याच वाटेने परत पाठवितो. सिंदफणेवरील माजलगावच्या धरणासारख्या जलाशयांत पाण्याखाली कायमचे संवेदक ठेवायचे झाले, तर उद्या या मार्गाचा विचार करावा लागेल. येथे आवाज वाया जाणारा गोंगाट नसून हेतुपूर्वक पाठविलेली ऊर्जा असते, हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे.

तिसरे स्थान सर्वांत जवळचे आहे आणि शिरूर कासारच्या दृष्टीने सर्वांत उपयोगाचे. आवाज हे इंधन म्हणून दरिद्री असले तरी बातमी म्हणून श्रीमंत आहे. पत्र्यावर पडणाऱ्या पावसाच्या आवाजावरून सर किती मोठी हे घरात बसलेल्या माणसाला कळते. याच तत्त्वावर पाऊस मोजणारी यंत्रे आज अस्तित्वात आहेत: थेंबाचा दाबविद्युत चकतीवर होणारा आघात विजेच्या स्पंदात उतरतो आणि त्या स्पंदांवरून पाऊस मोजला जातो. नेहमीच्या स्वयंचलित पर्जन्यमापकात नरसाळे असते आणि त्याखाली भरताच कलंडणारी इवलीशी भांडी असतात. पालापाचोळा, धूळ, पाखरांची घरटी यांनी ती तुंबतात. चकतीच्या यंत्राला नरसाळे नाही आणि हलणारा भागही नाही. त्याचे माप वेळोवेळी जुन्या पर्जन्यमापकाशी ताडून पाहावे लागते, हे खरे. पण ऊर्जा उन्हाकडून आणि बातमी आवाजाकडून घेणारे असे यंत्र माणसाच्या फेऱ्या निश्चित कमी करील. आवाजाच्या संशोधनाचा दुष्काळी तालुक्याला उपयोग असेल तर तो या दिशेने.

निगेची तरतूद

यंत्राची निवड कशीही झाली तरी निगेचा प्रश्न शिल्लक राहतोच. त्यावर काही साधे उपाय आहेत. यंत्रांच्या खरेदीच्या निविदेतच पुढील दहा वर्षांच्या देखभालीची रक्कम वेगळी दाखविली जावी आणि ती दुसरीकडे वळविण्यास मनाई असावी. प्रत्येक गावातील यंत्र वर्षातून किती दिवस बंद होते, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिले जावे. पावसाची नोंद जशी सार्वजनिक, तशी नोंद न झालेल्या दिवसांची यादीही सार्वजनिक असावी. यंत्र ज्या दिवशी मुके होते, त्या दिवसाचे नुकसान ठरविताना शेजारच्या मंडळाचा आकडा आपोआप लागू करण्याऐवजी प्रत्यक्ष पाहणी बंधनकारक करावी. आणि निगेचे काम तालुक्यातील शाळा-महाविद्यालयांतील विज्ञानाचे विद्यार्थी व शिक्षक यांच्याकडे अल्प मानधनावर सोपविता येण्यासारखे आहे. पाच किलोमीटरवरून येणारा विद्यार्थी हा पाचशे किलोमीटरवरून येणाऱ्या तंत्रज्ञापेक्षा स्वस्त असतो. शिवाय ज्या यंत्राच्या आकड्यावर त्याच्या वडिलांची भरपाई ठरते, त्याच्याकडे तो दुर्लक्ष करण्याची शक्यता कमी.

नव्या शोधांचे स्वागत जरूर करावे. परंतु गरीब तालुक्यांच्या वाट्याला शोधाची बातमी लवकर येते आणि शोधाची निगा फार उशिरा, हा आजवरचा अनुभव आहे. शिरूर कासारच्या शिवारात उभे राहणारे यंत्र उन्हावर चालते की आवाजावर, याची चौकशी शेतकरी करणार नाही. ढगफुटीच्या रात्री ते जागे होते की नव्हते, एवढेच तो विचारील. आणि त्या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या कारखान्यात नव्हे, आपल्या अंदाजपत्रकातील देखभालीच्या रकान्यात लिहिले जाणार आहे.